उलट्या हाताचा रेणू

बसमध्ये तिच्या शेजारची जागा शेवटच्या थांब्यापर्यंत रिकामी राहायची, गर्दी असली तरी. चुकून कोणी बसलंच तर जरा वेळाने नाकाशी रुमाल न्यायचं आणि उठून दांड्याला धरून उभं राहायचं. सुरुवातीला तिला वाईट वाटलं, मग सवय झाली, आणि पुढे पुढे तर ती सरळ त्या जागेवर पिशवी ठेवू लागली. दोष कोणाचाच नव्हता. सेंद्रिय रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत दिवस काढणाऱ्याच्या केसांना, स्वेटरला, घड्याळाच्या पट्ट्यालासुद्धा जो वास चिकटतो तो साबणाने जात नाही. सडकी मासळी आणि जळकं रबर यांच्या मधला कुठला तरी तो वास असतो. ज्याच्या अंगाला लागतो त्याला मात्र येत नाही, एवढीच काय ती सोय.

तिचं काम म्हणजे निसर्गातली गुंतागुंतीची संयुगं काचेच्या भांड्यांत, साध्या मालापासून, पायरीपायरीने बनवणं. एखाद्या सालीत, शेवाळात, बुरशीत निसर्ग काहीतरी चिमूटभर करून ठेवतो. माणूस ते वेगळं काढतो, त्याचे अणू कसे जोडलेले असतील याचं चित्र मांडतो. पण चित्र शेवटी चित्रच. त्या चित्राबरहुकूम ते संयुग शून्यातून बनवून मुळाशी ताडून बघितलं आणि दोन्ही तंतोतंत जुळली, म्हणजे मग चित्र खरं.

या विषयाचा तिला लहानपणापासून ध्यास वगैरे नव्हता. ज्या विषयाला जायचं होतं तिथल्या जागा भरल्या होत्या. इथे दोन उरल्या होत्या, त्यातली एक तिने घेतली. पण हात चांगला होता. घाई नव्हती. नळीतून थेंब सोडायचा तर ती असा सोडायची की दोन थेंबांच्या मध्ये माणसाने जांभई देऊन घ्यावी. विद्यार्थी तिला पाठीमागे थेंबबाई म्हणत. तिला ते माहीत होतं आणि नापसंत नव्हतं.

तिला घडवलं ते सरांनी. सर म्हणजे तिचे प्राध्यापक, ज्यांची प्रयोगशाळा पुढे तिच्याकडे आली. तरुणपणी त्यांनी पाणबुड्यांकडून समुद्राच्या तळचा एक मळकट पिवळा स्पंज मागवला होता. टोपल्याच्या टोपल्या वाटून, भिजवून, गाळून शेवटी नखावर मावेल इतकी पांढरी पूड हाती आली. ती भल्याभल्या औषधांना न जुमानणारी बुरशी मारत होती. सरांनी तिची रचना शोधली, चित्र छापलं आणि त्या चित्रावर त्यांचं नाव झालं. पाठ्यपुस्तकात गेलं. पण ते संयुग बनवलेलं कोणीच नव्हतं.

"तू कर," सर एक दिवस म्हणाले. "माझ्याच्याने आता उभं राहवत नाही. तुझी कंबर शाबूत आहे."

आता इथे एक गोष्ट समजून घेतली पाहिजे, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. असे रेणू डाव्या-उजव्या हातासारखे जोडीने असू शकतात. बोटं तितकीच, अंगठाही आहे. पण एकाचा मोजा दुसऱ्याला बसत नाही. पुदिन्याच्या तेलात एक द्रव्य असतं आणि शेपूच्या बियांत एक. दोन्हींत अणू तेच, जोडणी तीच, फक्त हात वेगळा. म्हणून एकाला पुदिन्याचा वास आणि दुसऱ्याला शेपूचा. शरीराला हा फरक लगेच कळतो. प्रयोगशाळेतल्या बहुतेक यंत्रांना कळत नाही. निसर्ग सहसा एकाच हाताचं करतो, आणि बनवणाऱ्याने सुरुवातीलाच ठरवावं लागतं की आपल्याला कुठला हात हवा आहे. सरांच्या चित्रातला हात हवा तर पुदिन्याच्या बाटलीपासून सुरुवात. उलटा हवा तर शेपूच्या.

"सर, हात नक्की हाच ना?" तिने तेव्हा विचारलं होतं.

"अगं, सगळं खानदान याच हाताचं आहे," सर म्हणाले. "आज्यापासून पणतूपर्यंत. हा एकटाच कशाला डावरा निघेल?"

या धंद्यात असंच चालतं. नात्यातली बाकीची संयुगं ज्या हाताची, त्याच हाताचं नवंही धरायचं. सहसा बरोबर येतं. तिने पुदिन्याची बाटली उघडली.

त्याला एकोणीस वर्षं लागली.

बाहेरच्या माणसाला हे सांगितलं की तो विचारतो, रोज करता तरी काय? करायचं ते डोंगरावर पाणी नेण्यासारखं असतं. पायथ्याशी घागरभर माल घ्यायचा. प्रत्येक पायरीवर थोडा सांडतो. तिसाव्या पायरीला पोचेपर्यंत भांड्याच्या तळाला नुसता ओशटपणा उरतो, आणि पुढची पायरी नेमकी तिथेच फसते. मग खाली उतरायचं, पुन्हा घागर भरायची, पुन्हा तोच चढ. याला ते लोक "माल वर आणणं" म्हणतात. तिच्या एकोणीस वर्षांतली बरीचशी यातच गेली. काही चढ तर रेणूतल्या बांगडीसारख्या एका मोठ्या कड्यापायी पुन्हा पुन्हा चढावे लागले. अणूंची साखळी वळवून तिची दोन टोकं जोडायची होती आणि ती टोकं एकमेकांना न जोडता शेजारच्या रेणूच्या टोकांना जाऊन जोडली जायची. भांड्यात चिकट डांबर तयार व्हायचं. ते खरवडायलाच अर्धा दिवस.

हे काम सुरू होण्याच्याही आधी, तरुणपणी, एकदा एक स्थळ चालून आलं होतं. मुलगा चांगला होता, दोघांनी भेटून घ्यावं असं ठरलं, आणि तो बिचारा तिच्या कामाच्या जागीच आला. तिने निरोप पाठवला, पाच मिनिटं. वर द्रावणाचा रंग पिवळ्यावरून निळ्यावर जायच्या बेतात होता आणि निळा झाल्या झाल्या थांबवलं नाही तर सगळा माल जाणार होता. निळा व्हायला उशीर लागला. ती खाली आली तेव्हा खुर्ची रिकामी होती आणि पहारेकरी म्हणाला, गेले ते, कधीचेच. घरी हा विनोद कायमचा झाला. "स्थळ खाली तिष्ठतंय आणि बाईसाहेब वर ढवळतायत!" हे दादाने इतक्या वेळा सांगितलं की पुढे ते तिलाही दुसऱ्या कोणाची तरी गोष्ट वाटायला लागलं.

दादा म्हणजे थोरला भाऊ. त्याचं टायरचं दुकान होतं आणि आवाज दुकानाच्या मापाचा होता. "काय म्हणतंय तुझं ढवळणं?" अशीच तो फोनवर सुरुवात करायचा. मागून वहिनीचा आवाज यायचा, "वन्सं जेवल्या का विचारा आधी." त्यांचं तिच्यावर प्रेम होतं यात शंका नाही. पण प्रश्न एवढेच दोन होते, आणि दोन्हींची उत्तरं देऊन झाली की फोन संपायचा.

विद्यार्थी आले, शिकले, गेले. शेवटची विद्यार्थिनी सगळ्यांत हुशार होती. तिने ते कडं बंद करून दाखवलं, टोकाला टोक, आणि दोन महिन्यांनी भिंतींचे रंग करणाऱ्या कंपनीत नोकरी धरली.

"बाई, रागावू नका," ती जाताना म्हणाली. "पण मला पस्तिशीच्या आत काहीतरी पूर्ण झालेलं बघायचंय. तिथे निदान भिंत तरी रंगून होते."

"रागावत नाही. हातमोजे मात्र तिथेही घाल," ती म्हणाली.

त्यानंतर चार माणसांच्या त्या खोलीत ती एकटी राहिली. तीन ओट्यांवर हळूहळू दुसऱ्या विभागाची खोकी येऊन बसली. विभागप्रमुखाने सांगितलं होतं की निवृत्तीपर्यंत खोली तुमची, मग नव्या माणसाला द्यावी लागेल. निवृत्तीला वर्षाच्या वर थोडा काळ उरला होता. बोलायला उरले सर. ते आता मुलीकडे राहत, डोळ्यांनी अधू झाले होते, पण शनिवारी दुपारी फोन चुकायचा नाही. "कुठपर्यंत?" एवढंच विचारायचे, आणि मग दोघं तासभर बोलत बसायची, कुठला विद्रावक, किती थंड, का फसलं. त्या संयुगाबद्दल बोलता येईल असं जगात तिला हेच एक माणूस होतं.

मग एका सकाळी ते झालं. छोट्या चंबूच्या तळाशी पांढरं, कोरडं, मिठाच्या कणीसारखं. तिने यंत्रावर त्याच्या अणूंची जोडणी दाखवणारा आलेख काढला आणि सरांच्या जुन्या आलेखावर ठेवून खिडकीच्या काचेला लावला. शिखरावर शिखर बसलं. एकही इकडे तिकडे नाही. ती बराच वेळ कागद काचेला दाबून उभी राहिली, कारण हात काढला असता तर ते पडले असते.

एक मोजमाप राहिलं होतं. अशा संयुगाच्या द्रावणातून विशिष्ट प्रकारचा प्रकाश सोडला की तो थोडासा वळतो; एका हाताचं उजवीकडे वळवतं, दुसऱ्या हाताचं तेवढंच डावीकडे. आलेखाला हात दिसत नाही, या यंत्राला दिसतो. सरांनी छापलं होतं: अधिक. म्हणजे उजवीकडे. बाकी सगळं जुळल्यावर ही नुसती औपचारिकता होती, म्हणून ती अंगातला कोट न काढता जिन्याखालच्या त्या अंधाऱ्या खोलीत गेली आणि नळी यंत्रात ठेवली.

आकडा बरोबर आला. चिन्ह उणे होतं.

अशा वेळी यांत्रिक चूक शोधायची असते, आणि तिने ती रीतसर शोधली. नळी धुतली, पुन्हा भरली. उणे. दिवा बदलला. उणे. मग कॅन्टीनमधून साखर आणली, पाण्यात विरघळवून घातली. साखर प्रकाश उजवीकडे वळवते हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. यंत्राने साखरेला अधिक दाखवलं. यंत्र शहाणं होतं.

आता एकच उरलं. सरांनी स्पंजातून काढलेली शेवटची कणी काचेच्या नळीत घालून, नळीचं तोंड वितळवून बंद करून तिच्या शीतपेटीत ठेवली होती, अखेरच्या तुलनेसाठी. तिने नळीची मान कापली. समुद्रातल्या त्या कणीने प्रकाश उजवीकडे वळवला. तिच्या कणीने डावीकडे. आकडा तोच, दशांशापर्यंत.

म्हणजे तिने सगळं बिनचूक बनवलं होतं, आरशातलं. खानदानात हा एकटाच डावरा होता.

बुरशीवर घातलं असतं तर तिच्या पुडीने बहुधा काहीच केलं नसतं. चुकीच्या हाताच्या मोज्याने काय करावं? तिने नळी धुऊन ठेवली. भूक लागली होती, म्हणून डबा उघडून जेवली.

संध्याकाळी दादाचा फोन आला. "काय म्हणतंय ढवळणं?"

"झालं, दादा."

"झालं? अगं, मग ओरड ना जरा! अगं ए, ऐकलंस का, हिचं झालं!"

"झालं, पण उलटं झालं."

"उलटं म्हणजे?"

"म्हणजे आरशातलं. डाव्याच्या जागी उजवं."

दादा मनापासून समजून घ्यायचा प्रयत्न करत होता. "मग सुलटं करून घे की," तो म्हणाला. "टायर उलटा बसला तर आम्ही काढून पुन्हा बसवतो."

"हो," ती म्हणाली. "तसंच काहीतरी."

"वन्सं जेवल्या का?" मागून आवाज आला.

शनिवारची वाट न बघता ती सरांकडे गेली. तिसरा मजला, पडदे ओढलेले, पलंगाशेजारी औषधांचं ताट. सरांची मुलगी तिला आत सोडून स्वयंपाकघरात गेली. सर उशीला टेकून बसले होते.

"सर, झालं," ती म्हणाली.

आलेख जुळला का, असं ते विचारतील असं तिने धरलं होतं. कोणीही तेच विचारलं असतं.

"चिन्ह?" सरांनी विचारलं.

तिला सगळं कळायला तो एक शब्द पुरला.

"उणे," ती शेवटी म्हणाली. "तुमच्या नळीतलं अधिक. दोन्ही मी आपल्या हाताने मोजली."

सरांनी मान हलवली. आश्चर्य वाटलेल्या माणसाची ती मान नव्हती.

"तुम्हाला माहीत होतं?"

"माहीत नव्हतं. शंका होती. थोडा माल तोडून बघितला होता, तुकडा उलट्या हाताचा वाटला. पण इतका कमी होता की नक्की काही सांगता येईना."

"कधी?"

"तू सुरू केलंस त्यानंतर. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी."

"मग बोलला का नाहीत?"

"शंकाच होती, बये. शंकेवर काय बोलायचं?" सर उशीला टेकून जरा सावरून बसले. "आणि तू थांबली असतीस. ती माझी एवढी एक गोष्ट, ती तशीच राहिली असती. हे बघ, रस्ता तर तोच आहे ना? शेपूची बाटली घे. तेच चढ, तेच थांबे, सगळं आरशात. आता तुला पाऊलवाट पाठ आहे, दीड वर्षात होईल. खोलीची मुदत वाढवायला मी फोन करतो, अजून ऐकतात माझं. मग खरं संयुग छाप. चित्रातला हात त्यात हळूच सुधारून घेऊ, एका ओळीत. तुझंही नाव राहील, माझंही."

रसायनशास्त्राच्या दृष्टीने ते बोलले त्यात एक अक्षर चूक नव्हतं. रस्ता खरोखरच तोच होता. ती ते जाणून होती, आणि आत कुठेतरी हिशेबही सुरू झाला होता की पहिल्या दहा पायऱ्या पावसाळ्यापर्यंत उरकतील. सरांची मुलगी चहा ठेवून गेली.

"आणि तोवर?" ती म्हणाली. "ते चित्र पुस्तकात आहे, सर. आज कुठेतरी कोणीतरी ते बघून पुदिन्याची बाटली उघडत असेल."

"उघडेना का. एवढं कोण करतंय आता?"

"मी केलं."

सरांनी अंगावरची चादर सारखी केली.

"आहे तसं छापते," ती म्हणाली. "मी आरशातलं बनवलं, म्हणून खऱ्याचा हात उलटा आहे हे सिद्ध झालं. आणि आधीचा हात नात्यावरून धरलेला अंदाज होता, हेही लिहीन."

"तुझी एवढी वर्षं एका दुरुस्तीसाठी?"

"दुरुस्तीच झालीये, सर. दुसरं काही झालेलं नाही."

चहावर साय धरली. सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. त्याने त्यांना फारसं दिसत नव्हतं.

"बरं," ते म्हणाले. "तुम्ही ठरवा."

ती त्यांची विद्यार्थिनी झाल्यापासून त्यांनी तिला एकदाही अहोजाहो केलं नव्हतं. रागात नाही, चारचौघांत नाही. तिने कप तसाच ताटात ठेवला, येते म्हणाली आणि जिना उतरली.

लेख तिने दोन आठवड्यांत लिहिला. लिहायला काही अडलं नाही, सगळं पाठच होतं. फक्त अंदाजाबद्दलचं ते वाक्य तिने तीन तऱ्हांनी लिहून बघितलं आणि शेवटी सगळ्यांत लहान होतं ते ठेवलं. छापण्याआधीची प्रत सरांकडे पाठवली. काही दिवसांनी त्यांच्या मुलीचा फोन आला.

"मी वाचून दाखवलं बाबांना. मला त्यातलं ओ की ठो कळलं नाही, पण त्यांनी सगळं ऐकलं."

"काय म्हणाले?"

"काही नाही. खिडकी लावून घे म्हणाले." मुलगी जरा घुटमळली. "तुम्ही शनिवारी फोनची वाट बघू नका. ते मला फोन लावून दे म्हणतच नाहीत आता."

निवृत्तीआधी विभागात एक व्याख्यान द्यायची पद्धत होती. तेही झालं. मोठ्या दालनात नसतं का, पहिल्या दोन रांगा मोकळ्या आणि माणसं दाराजवळ, तसंच होतं. निम्मे विद्यार्थी हजेरीसाठी आलेले. तिने पुदिन्यापासून सुरुवात केली आणि शेवटच्या पायरीपर्यंत आली, कुठेही घाई न करता. फसलेले चढही दाखवले. रंगाच्या कंपनीतल्या त्या विद्यार्थिनीचं नाव कड्यापाशी घेतलं. मग उणे आणि अधिक, शेजारी शेजारी.

शेजारच्या विभागातले एक जाडजूड प्राध्यापक हसत म्हणाले, "म्हणजे बाई, एवढी वर्षं तुम्ही आरशात बघत होता म्हणा की!"

दालन हसलं. तीही थोडी हसली. "हो. पण समोर आरसा आहे हे आधी कळायला हवं ना."

"सरांना काय वाटलं?" दुसऱ्या कोणीतरी विचारलं.

"त्यांना लेख पाठवलाय," ती म्हणाली.

मग मागच्या रांगेतून, जिला ती ओळखत नव्हती अशा एका नव्या अध्यापिकेने हात वर केला. प्रश्न सरळ होता. "मग स्पंजात आहे ते खरं संयुग, ते कोणी बनवलंय?"

"अजून कोणीच नाही," ती म्हणाली. "रस्ता लेखात दिलाय. फक्त बाटली दुसरी घ्या."

ती अध्यापिका खाली मान घालून काहीतरी लिहून घेत होती. आणखी कोणाचा हात वर आहे का, हे तिने व्यासपीठावरून एकदा डावीकडून उजवीकडे बघून घेतलं. नव्हता. तिने पडद्यावरचा दिवा बंद केला.